धाव आणि टायर : परभणीच्या रस्त्यांवरील एका खरेदीचा पूर्वेतिहास

मालवाहतुकीच्या व्यवसायात ज्यांचे उभे आयुष्य गेले, अशा मराठवाड्यातील जुन्या चालकांना टायर विकत घेताना पाहिले, की नव्या रबराच्या नक्षीकडे दृष्टी टाकण्यापूर्वीच ते त्याच्या कडेवरून हात फिरवितात, ती दाबून पाहतात, आणि हा टायर झिजून गोटा झाल्यावर त्याच्यावर पुन्हा किती वेळा रबर चढेल, हा पहिला प्रश्न दुकानदारास करितात. टायरची 'बॉडी', म्हणजे वरच्या रबराखालचा मूळ सांगाडा, चांगली असणे ही त्यांच्या लेखी सर्वांत मोठी शिफारस होय. या चिकित्सेच्या मुळाशी काटकसर आहेच. परंतु परभणी जिल्ह्याची माती, तेथील रस्ते, कापसाचा व्यापार आणि निजामी अमदानीपासून चालत आलेली वाहतुकीची रीत यांचा सुमारे शतकभराचा इतिहासही तिच्या मुळाशी आहे, आणि तो सांगितल्यावाचून चालकांच्या या पसंतीचा अर्थ उलगडत नाही.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा जिल्हा म्हणजे काळ्या कसदार मातीचा मुलूख. कापूस आणि ज्वारी यांना जी माती वरदान ठरली तीच वाहनाला शाप ठरली. कारण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, आणि मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर तिचा असा चिकट राडा होतो, की चाकाला बिलगलेला चिखल प्रत्येक फेऱ्यागणिक वाढत जाऊन अखेरीस बैलांचे पाय रोवले जातात आणि गाडी जागीच उभी राहते. 1900 च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे या भागातून मनमाडकडे गेली आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या स्थानकांना व्यापारी महत्त्व आले. जिनिंगचे कारखाने उभे राहिले, अडती बसल्या. पण जिंतूर आणि पाथरी या तालुक्यांच्या गावांना रेल्वे लाभली नाही, आणि मानवतसारख्या कापसाच्या नामांकित पेठेलाही स्थानक मिळाले ते गावापासून दूर. त्यामुळे शेत ते पेठ आणि पेठ ते स्थानक हे सारे अंतर तोडण्याचे काम बैलगाडीवरच राहिले. जिल्ह्यातील चाकाच्या खरेदीचा पहिला अध्याय म्हणूनच सुताराच्या आणि लोहाराच्या दारी घडला.

त्या चाकाची थोडी ओळख येथे करून देणे आवश्यक आहे, कारण पुढे रबराच्या टायरकडून चालकाने जी अपेक्षा केली तिचे बीज त्यातच आहे. बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात ठोकून बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले वक्र पुठ्ठे, आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडाची पट्टी म्हणजे धाव. चाकाच्या परिघाहून किंचित आखूड घडविलेली ती धाव गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आगटीत लाल होईपर्यंत तापवावयाची, तापून प्रसरण पावली की चिमट्यांनी उचलून चाकावर चढवावयाची, घणाने ठोकून बसवावयाची, आणि लाकूड पेट घेण्याच्या आत तिच्यावर घागरी रित्या करावयाच्या, हा विधी गावोगावच्या लोहाराच्या दारी वर्षानुवर्षे चालत आला. थंड होताना धाव आकसे आणि सारे चाक एकजीव होई. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली की शेतकरी चाके काढून नदीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात भिजत घाली. धाव झिजली तर नवी चढे, आरा मोडला तर तो बदलता येई, आणि अशा रीतीने एक चाक बापाकडून मुलाकडे जाई. चाक विकत घ्यावयाचे ते एका वेळेचे, पण त्याचा वरचा थर पुन्हापुन्हा नवा करावयाचा, हा व्यवहार परभणीच्या शेतकऱ्याला मोटार पाहण्यापूर्वी कित्येक पिढ्या ठाऊक होता.

रबराचा इतिहास सर्वत्र सांगितला जातो, म्हणून येथे त्याचा उल्लेख करून पुढे जातो. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये गंधकाच्या योगाने रबर पक्के करण्याची युक्ती सापडली. ब्रिटनमध्ये रॉबर्ट थॉम्सन यांनी 1845 मध्ये हवेच्या चाकाचा एकस्व हक्क घेतला, पण ती कल्पना काळाच्या पुढची ठरली. आणि 1888 मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेले रबर वापरले तेव्हा ती जगभर पसरली. डनलॉपचा व्यापार 1898 मध्ये मुंबईस पोहोचला. परंतु मुंबई आणि परभणी यांच्यामध्ये त्या काळी केवळ अंतर नव्हते, दोन राज्यांची सरहद्दही होती. मुंबईहून निघालेला माल निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याचे देणे ब्रिटिश कलदार रुपयात चुकते करावयाचे तर निजामाच्या हाली सिक्क्याचा बट्टा सोसावा लागे. अशा परिस्थितीत मोटार आणि तिचे टायर ही अधिकारी, जहागीरदार आणि मोजक्या सधन अडत्यांच्याच आवाक्यातील वस्तू राहिली, यात नवल नाही. तामीरात म्हणजे बांधकाम खात्याने बांधलेल्या खडीच्या सडकाही जिल्ह्याच्या ठाण्यांना जोडण्यापुरत्याच होत्या.

सामान्य रयतेचा रबरी चाकाशी खरा संबंध आला तो सरकारी बसच्या निमित्ताने. निजाम स्टेट रेल्वेने 15 जून 1932 रोजी 27 बसगाड्या आणि 166 नोकर घेऊन रस्ता वाहतुकीचे खाते उघडले. राज्यसंस्थेने स्वतः प्रवासी बस चालविण्याच्या या देशातील आद्य प्रयत्नांत त्याची गणना होते. रेल्वेच्या शिस्तीत वाढलेल्या या खात्याने टायर ही हिशेबाची बाब मानली, आणि एकट्या गाडीमालकाला जे जमत नाही ते, म्हणजे साठा ठेवणे, झिजेवर नजर ठेवणे आणि वेळेवर टायर उतरविणे, हे त्या शिस्तीमुळे शक्य झाले. 1936 मध्ये डनलॉपने बंगालमधील साहागंज येथे कारखाना काढला, आणि त्यानंतर काही वर्षांतच फायरस्टोनचा कारखाना मुंबईत शिवडीस सुरू झाला. सर्व टायर आगबोटीने आणण्याचे दिवस अशा रीतीने सरले; पण नेमक्या त्याच वेळी दुसरे महायुद्ध पेटले. 1942 च्या आरंभी मलाया आणि जावा जपानच्या हाती गेल्यावर जगाच्या रबराचा मुख्य झरा आटला, टायरांवर सरकारी नियंत्रण आले, आणि परवान्यावाचून नवा टायर मिळेनासा झाला. त्रावणकोर आणि सिंहलद्वीप येथील रबरावर सारी भिस्त राहिली. फाटलेल्या टायरला आतून ठिगळ लावणे, गॅटर म्हणजे जुन्या टायरचा तुकडा आत बसवून चालविणे, झिजलेल्यावर रबर चढवून घेणे या विद्या त्या टंचाईत लाचारीने शिकाव्या लागल्या. पण एकदा हाती आल्यावर त्या सुटल्या नाहीत.

याच दशकांत एक दुसरा बदल निःशब्दपणे घडत होता, आणि माझ्या मते या जिल्ह्यापुरते त्याचे महत्त्व बसहूनही अधिक आहे. लोखंडी धावेच्या अरुंद चाकांनी खडीच्या सडका कापल्या जातात, ही अभियंत्यांची जुनी तक्रार होती. डनलॉपने 1930 नंतर बैलगाडीसाठी हवेचे टायर आणि त्यांना साजेसा लोखंडी आस तयार करून विकण्यास आरंभ केला. अशा गाडीवर बैलांची तीच जोडी लाकडी गाडीहून पुष्कळ अधिक ओझे ओढते, खाचखळग्यांत तिच्या मानेला बसणारे हिसके कमी होतात, आणि सडकही शाबूत राहते. तथापि नवी जोडी सर्वसाधारण शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरची असल्यामुळे ती प्रथम अडते, जिनवाले आणि मोठे जमीनदार यांच्याकडेच दिसू लागली. इतरांच्या गाड्यांना रबर लाभले ते मोटारींच्या उतरलेल्या टायरांचे. ट्रकमालकाने टाकून दिलेला, पण बॉडी शाबूत असलेला टायर बैलगाडीच्या आसावर आणखी कित्येक वर्षे चाले, कारण बैलाच्या चालीत त्याला ना उष्णता ना वेग. पुढे साखर कारखानदारी वाढली तेव्हा कारखान्यांनी ऊस वाहण्यासाठी टायरगाड्याच पुरविल्या, आणि गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राकडे निघणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या व्यवहारात गाडी सेंटर आणि डोकी सेंटर या ऊसतोड टोळ्यांच्या प्रकारांच्या जोडीला टायर सेंटर ही एक निराळी वर्गवारी रूढ झाली. ज्या कुटुंबाचा सहा महिन्यांचा संसार कारखान्याच्या टायरगाडीच्या आधाराने चालतो, त्याच्या दृष्टीने टायर ही केवळ वाहनाची वस्तू राहत नाही. आगाऊ घेतलेली उचल फिटणे न फिटणे तिच्यावर अवलंबून असते.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि करोडगिरीचे नाके कालांतराने इतिहासजमा झाले. युद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या शेव्हरोलेट, फोर्ड आणि डॉज गाड्या देशभरातील वाहतूकदारांनी लिलावात घेतल्या. त्यांच्यामागून बेडफर्ड आणि फार्गो आल्या. आणि 1954 मध्ये जमशेदपुरास टाटा-मर्सिडीजचे ट्रक तयार होऊ लागल्यावर डिझेलच्या ट्रकने खेड्यापर्यंत मजल मारली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये येथील राज्य परिवहन सेवा महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळात सामील झाली. परभणी विभागाच्या परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी आणि त्या काळी याच जिल्ह्यात मोडणाऱ्या हिंगोली, वसमत, कळमनुरी या आगारांतून सुटणाऱ्या गाड्यांनी टायरच्या जोपासनेची जी रीत रुजविली, ती खाजगी चालकांची पाठशाळाच ठरली. महामंडळाने राज्यात टायर पुन्हा रबर चढवून तयार करण्याचे स्वतःचे नऊ कारखाने उभारले. नवा टायर पुढच्या चाकाला, जरा झिजला की मागे, आणि रबर चढविलेला केवळ मागच्या जोडीत, हा दंडक त्या व्यवस्थेने घालून दिला. एस. टी. तून निवृत्त झालेला चालक वा मेकॅनिक पुढे खाजगी ट्रकवर गेला की हा दंडक त्याच्याबरोबर जाई.

येथे रस्त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो हात खडी फोडण्यास आणि माती टाकण्यास लागले. त्या कामांतून जे असंख्य रस्ते आखले गेले त्यांनी यापूर्वी चार महिने जगापासून तुटणारी गावे बाजाराशी जोडली. उपाशी माणसांनी सुकडीच्या मदत-आहारावर राहून फोडलेल्या त्या खडीचे ऋण या जिल्ह्याच्या वाहतुकीवर आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय कोणताही इतिहास पुरा होणार नाही. परंतु त्यांतील पुष्कळ रस्त्यांवर दीर्घ काळ डांबर पडले नाही. बेसॉल्टची धारदार खडी उघडी पडून राहिली, आणि काळ्या मातीचा पाया पावसाळ्यात फुगून व उन्हाळ्यात आकसून डांबरी रस्त्यालाही लाटांसारखे आकार देऊ लागला. अशा मार्गावर टायर झिजून मरण्याआधी कापला जाऊन मरतो. म्हणून जाड रबराचा, खोल खाचांचा आणि अनेक पदरी नायलॉनचा टायर ही चालकाची गरज झाली. 'पुढे रिब, मागे लग' हे त्याचे सूत्र: स्टेअरिंग सरळ राहावे म्हणून पुढे उभ्या रेषांचा रिब टायर, आणि चिखलात व चढावर जमीन पकडावी म्हणून मागे आडव्या, रुंद ठोकळ्यांचा लग टायर. 9.00–20 आणि 10.00–20 हे आकडे त्यास मुखोद्गत असतात.

कोणत्या कंपनीचा टायर चालकांस प्रिय होता, या प्रश्नाचे उत्तर काळागणिक बदलत गेले. आरंभी डनलॉप आणि फायरस्टोन यांचे नाव निर्विवाद होते. 1958 मध्ये मूळच्या इटालियन सिएटने मुंबईत भांडुपास उत्पादनास प्रारंभ केला आणि महाराष्ट्राच्या बाजारात तिने आपला पाय घट्ट रोवला. मद्रास रबर फॅक्टरी ही संस्था के. एम. मामेन मापिल्लै यांनी 1946 मध्ये फुग्यांच्या लहानशा कारखान्याच्या रूपाने सुरू केली. 1952 मध्ये ती टायरवर चढविण्याचे रबर करू लागली, आणि 1961 मध्ये टायरच्या उत्पादनाकडे वळली. जुन्या टायरला नवे आयुष्य देता देता जी कंपनी मोठी झाली तिला चालकाच्या मनातील हिशेब आधीच उमगला होता, हे माझे स्पष्ट मत आहे. 1964 मध्ये तिने टायर उचलून धरणारा बलदंड पुरुष आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारला. ते चित्र रचणाऱ्या अलेक पदमसी यांनी त्यापूर्वी ट्रकचालकांच्या मुलाखतींतून त्यांना काय हवे ते जाणून घेतले होते, आणि उत्तर आले होते ते बळाचे. पुढे अपोलो आणि जे. के. यांनी या स्पर्धेत उडी घेतली. मराठवाड्यातील वाळूज येथे सिएट आणि गुडइयर यांच्या भागीदारीतून टायरचा कारखाना निघाला, आणि शेती व खाणकामाचे मोठे टायर परदेशी पाठविणाऱ्या बालकृष्ण इंडस्ट्रीजचा कारखानाही तेथेच आहे. ज्या प्रदेशात टायर आणताना जकात आणि बट्टा भरावा लागे, तो प्रदेश स्वतःच टायर निर्यात करू लागला, याचा अभिमान मराठवाड्याने अवश्य बाळगावा.

पण दुकानातल्या नावाइतकेच महत्त्व रस्त्याकडेच्या दुकानातील कारागिराला आहे. घण, टॉमी, जॅक आणि हवेचे यंत्र एवढ्या भांडवलावर रात्री-अपरात्री चाक उघडून देणारे हे लोक, ज्यांत दूर केरळातून येऊन महाराष्ट्राच्या हमरस्त्यांवर स्थायिक झालेली माणसेही पुष्कळ, टायरच्या गुणदोषांचे खरे परीक्षक होत. कोणत्या टायरची कड लवकर फुगते, कोणाची तार लवकर उघडी पडते, कोणाचे रबर उन्हात तडकते, हे कंपनीच्या प्रतिनिधीला कळण्यापूर्वी त्यांना कळते, आणि चालक त्यांच्या शब्दावर हजारो रुपये गुंतवितो. रबर चढविण्याची प्रक्रियाही अशाच अनुभवी हातांची आहे: झिजलेला पृष्ठभाग घासून खडबडीत करावयाचा, रबराचे द्रावण लावावयाचे, कच्च्या रबराची पट्टी गुंडाळावयाची आणि साच्यात घालून उष्णतेने ती पक्की करावयाची; अलीकडे आधीच नक्षी पाडून पक्के केलेले रबर कमी उष्णतेवर चिकटविण्याची रीत अधिक चालते. घासण्यापूर्वी कारागीर टायरच्या आत दिवा धरून इंच इंच तपासतो, आणि बॉडी दगावली असेल तर पैसे मिळत असूनही काम नाकारतो. असे नाकारणारे दुकान जेथे आहे तेथे चालक दहा कोस वाट वाकडी करून जातात.

या रीतीने परभणीत विकला गेलेला ट्रकचा टायर प्रथम पुढच्या चाकाला, मग मागच्या जोडीत, मग एकदोनदा रबर चढून पुन्हा मागे, त्यानंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, आणि शेवटी बैलगाडीला असा उतरत जाई. अगदी निकामी झाल्यावरही त्याच्या पट्ट्यांच्या वहाणा होत, आणि त्या वहाणा काट्याकुट्यांच्या रानात चामड्याहून अधिक टिकत. सगळी आयुष्ये एका किमतीत बसत असल्यामुळे खरेदीच्या वेळी तो कोणाच्या नावाचा आहे यापेक्षा त्याच्या अंगातील बळ पाहिले गेले.

रेडियल टायरला येथे उशिरा प्रवेश मिळाला त्याचे कारणही हेच. मिशेलिनने फ्रान्समध्ये 1946 मध्ये एकस्व घेतलेली ही रचना भारतात जे. के. ने 1977 मध्ये आणली, तरी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत ट्रकांत तिचा वाटा अत्यल्प राहिला. पोलादी तारांचा रेडियल कमी तापतो, इंधन वाचवितो आणि सपाट रस्त्यावर नायलॉनच्या टायरहून पुष्कळ अधिक धावतो. पण त्याची कड नाजूक, आणि क्षमतेच्या दीडपट माल भरून खडीवरून जाणाऱ्या गाडीत ती कड प्रथम फाटते. ओझ्यावरील निर्बंध कडक झाले, कल्याणहून नगर, पाथरी, मानवत, परभणीवरून नांदेड व निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 रुंद झाला, तेव्हा कोठे चालकांचे मत पालटू लागले. मध्यंतरी स्वस्त चिनी रेडियल टायरांचा पूर आला. 2017 मध्ये सरकारने त्यांवर विशेष शुल्क लावले आणि 2020 मध्ये आयातच निर्बंधित केली. मोटारींच्या बाबतीत हा बदल अधिक सहज झाला: काळ्या-पिवळ्या जीपांचे 6.00–16 आकाराचे नायलॉन टायर जाऊन नव्या बोलेरो गाड्या आल्या त्या कारखान्यातूनच रेडियल घेऊन.

या सर्व इतिहासाने चालकाला एक सवय लावली: टायरचा शेवटचा कणही वाया जाऊ द्यावयाचा नाही. ताशी चाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर ती सवय शहाणपणाची होती. परंतु 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. तेथे मोटारींस ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, आणि टायर फुटून झालेल्या प्राणांतिक अपघातांनंतर प्रवेशद्वारांवर टायरांची तपासणी करून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्याची पाळी परिवहन खात्यावर आली. आता जालना–नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातूनच आखला गेला आहे. म्हणून वाचकांस माझी कळकळीची विनंती आहे, की मोटार घेऊन अशा द्रुतगती मार्गावर जाण्यापूर्वी टायरच्या कडेवरील चार अंक वाचावेत. पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. रबर जुने असेल, मग नक्षी कितीही शिल्लक दिसो, किंवा खाचा उथळ झाल्या असतील, तर तो टायर बैलगाडीसाठी देऊन टाकावा आणि आपल्या गाडीला नवा घ्यावा.